शेवटचीं दहा पावलें

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरिगन राज्यांत, पोर्टलंड शहराच्या दक्षिणेस, बीव्हरक्रीक नांवाचें एक लहानसें गांव आहे. सन २००० च्या मे महिन्याच्या तिसऱ्या तारखेस त्या गांवाजवळच्या रानांत एक काळी बादली जवळजवळ कांठापर्यंत जमिनींत पुरण्यांत आली. पुरणारे गृहस्थ डेव्ह उल्मर हे संगणकाच्या व्यवसायांतले सल्लागार होते. बादलींत त्यांनीं ठेविलेल्या वस्तु पाहिल्या तर कोणासहि हंसूं यावें. कांहीं पुस्तकें, संगणकाच्या उपयोगाचें थोडें साहित्य, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा. सोबत एक वही व एक पेन्सिल. घरीं येऊन उल्मर यांनीं संगणकाच्या द्वारें त्या जागेचे आंकडे जगजाहीर केले. उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० कला. ज्यास हौस असेल त्यानें ही जागा शोधावी, बादलींतील एखादी वस्तु घ्यावी, स्वतःची एखादी ठेवावी, आणि वहींत नांव लिहून परतावें, एवढाच नियम. तीन दिवसांच्या आंत दोघे जण तेथवर जाऊन आले. त्यांतील पहिले, शेजारच्या वॉशिंग्टन राज्यांतील माइक टीग हे होत.

वरवर पाहणारास हा पोरखेळ वाटेल, आणि तो खेळच होता यांत शंका नाहीं. परंतु मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत हा खेळ खेळणें शक्यच नव्हतें. आणि तिसऱ्या तारखेस तो शक्य झाला याच्या मागें त्रेचाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासांत युद्धाची तयारी आहे, एक भयंकर अपघात आहे, आणि सामान्य माणसांनीं एक अवघड यंत्र हळूहळू आत्मसात केल्याची कथाहि आहे. यंत्र हातीं येणें निराळें आणि यंत्र कळणें निराळें, हें त्या कथेचें सार होय.

या इतिहासाचा आरंभ ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं होतो. त्या दिवशीं सोव्हिएट रशियानें स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेंत विल्यम गाइअर व जॉर्ज वायफेनबाख हे दोन शास्त्रज्ञ त्याचे संदेश टिपून घेऊं लागले. स्टेशनांत न थांबतां जाणाऱ्या आगगाडीची शिटी जवळ येतांना चढी आणि दूर जातांना उतरती ऐकूं येते, हा अनुभव सर्वांचा आहे. त्याच नियमानें स्पुटनिकच्या लहरींत पडणारा फरक मोजून या दोघांनीं, पृथ्वीवर एका जागीं बसून, उपग्रहाचा मार्ग गणितानें काढला. पुढील वर्षीं त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनीं त्यांना उलट प्रश्न घातला. उपग्रहाचा मार्ग आधींच ठाऊक असेल, तर ऐकणारा कोठें आहे हें सांगतां येईल काय? उत्तर होकारार्थी होतें. समुद्राच्या पोटांत दडून राहणाऱ्या पाणबुड्यांना आपलें नेमकें स्थान कळणें अमेरिकेच्या आरमारास निकडीचें वाटत होतें. त्या निकडींतून ट्रान्झिट नांवाची पहिली उपग्रहपद्धति जन्मास आली. तिचा दोष असा कीं, उपग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबावें लागे, आणि वेगानें जाणाऱ्या विमानास तिचा फारसा उपयोग नसे.

हा दोष काढण्यासाठीं १९७३ सालीं कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या देखरेखीखालीं नवी योजना आंखण्यांत आली. तीच आज जी. पी. एस. या तीन अक्षरांनीं घरोघर ठाऊक झाली आहे. तिचा पहिला उपग्रह ता. २२ फेब्रुवारी १९७८ रोजीं वर गेला, आणि चोवीस उपग्रहांचा संच पूर्णपणें कामास लागल्याची घोषणा १९९५ सालीं झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह दिवसांतून दोन वेळां पृथ्वीप्रदक्षिणा करतात. प्रत्येकाच्या पोटांत अत्यंत अचूक असें अणुघड्याळ असतें. उपग्रह सांगतो तें फार थोडें: आपण या क्षणीं कोठें आहों, आणि आतां किती वाजले आहेत. खालच्या यंत्रानें ती वार्ता येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा, आणि त्यावरून अंतर काढावयाचें. तीन अंतरें मिळालीं कीं जागा ठरते.

परंतु येथेंच खरी अडचण आहे. लहरींचा वेग सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर. तेव्हां सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर तीनशें मीटरांनीं चुकतें. हातांतल्या यंत्रांत अणुघड्याळ बसविणें शक्य नाहीं. तेथील घड्याळ साधें असतें व तें चुकतेंच. म्हणून तीन उपग्रहांवर न थांबतां चौथ्याची साक्ष काढतात, आणि चारांच्या जमाखर्चांतून यंत्राच्या घड्याळाची चूकच शोधून वजा करतात. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेच्या सिद्धान्ताप्रमाणें उपग्रहावरील घड्याळ गतीमुळें मागें पडतें, परंतु उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळें त्याहून अधिक पुढें जातें. दोहोंचा मेळ घालतां तें पृथ्वीवरील घड्याळाच्या पुढें दिवसाकाठीं सेकंदाचे सुमारे ३८ दशलक्षांश भाग इतकें जातें. तेवढी दुरुस्ती आधींच केली नसती, तर एका दिवसांत कित्येक किलोमीटरांचा घोटाळा झाला असता. तात्पर्य, या पद्धतीची अचूकता चुकांच्या अभावावर उभी नाहीं, चुकांच्या मोजदादीवर उभी आहे.

ही विद्या सैन्याच्या कुलपांत होती. तें कुलूप किलकिलें होण्यास एक दारुण प्रसंग कारण झाला. ता. १ सप्टेंबर १९८३ रोजीं न्यूयॉर्कहून अलास्कामार्गें सेऊलकडे जाणारें कोरियाचें एक प्रवासी विमान वाट सोडून सोव्हिएट रशियाच्या हद्दींत शिरलें, आणि रशियन लढाऊ विमानानें तें पाडलें. आंतील २६९ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं जाहीर केलें कीं, जी. पी. एस. पद्धति तयार होतांच ती नागरी विमानांसहि विनामूल्य खुली राहील. या अपघाताविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या विमानांत मार्ग दाखविणारीं यंत्रें नव्हतीं असें नाहीं. चांगलीं यंत्रें होतीं. आंतरराष्ट्रीय नागरी विमानसंघटनेनें १९९३ सालीं केलेल्या फेरचौकशींत असें आढळलें कीं, स्वयंचलित चालक मार्गदर्शक यंत्राशीं जोडला न जातां एकाच ठराविक दिशेस विमान नेत राहिला, आणि हें वैमानिकांच्या ध्यानांत आलें नाहीं. यंत्र होतें, यंत्रावर विश्वासहि होता, पडताळा मात्र कोणी घेतला नाहीं.

नागरिकांस पद्धति खुली झाली, पण ती सबंध नव्हे. शत्रूनें तिचाच उपयोग करून नेम साधूं नये म्हणून अमेरिकन सैन्यखात्यानें नागरी लहरींत जाणूनबुजून चूक मिसळण्याचें ठरविलें. त्यामुळें सामान्य यंत्रानें दाखविलेली जागा खऱ्या जागेपासून शंभर मीटरपर्यंत दूर असूं शके. या व्यवस्थेची मौज अशी कीं, १९९०-९१ च्या आखाती युद्धांत सैन्याजवळ स्वतःचीं खास यंत्रें पुरेशीं नव्हतीं; सैनिक बाजारांत मिळणारीं नागरी यंत्रेंच वापरूं लागले, आणि त्यांच्यासाठीं ही मुद्दाम केलेली चूक कांहीं काळ बंद ठेवावी लागली. पुढें तर सरकारचें एक खातें चूक मिसळीत होतें आणि दुसरें खातें, म्हणजे किनाऱ्याचें रक्षकदल, जहाजांसाठीं तीच चूक दुरुस्त करणारे संदेश किनाऱ्यावरून सोडीत होतें. अशी ओढाताण फार दिवस चालणें शक्य नव्हतें. १९९६ सालीं अमेरिकन सरकारनें ही पद्धति दहा वर्षांच्या आंत सोडून देण्याचें धोरण ठरविलें. ता. १ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं ती त्याच मध्यरात्रीं बंद होईल असें घोषित केलें. एका रात्रींत जगांतील प्रत्येक यंत्राची अचूकता सुमारें दसपटीनें वाढली. शंभर मीटरांचें वर्तुळ दहा-वीस मीटरांवर आलें. रानांत शंभर मीटरांच्या टापूंत बादली शोधणें वेडेपणाचें. वीस मीटरांत शोधणें मौजेचें. उल्मर यांच्या बादलीचा जन्म या फरकांतून झाला.

तोंवर यंत्रहि खिशांत मावण्याजोगें झालें होतें. मॅगेलन कंपनीनें १९८९ सालीं हातांत धरतां येईल असें पहिलें यंत्र बाजारांत आणलें. त्याची किंमत सुमारें तीन हजार डॉलर होती. २००० सालीं गार्मिन कंपनीचें ईट्रेक्स नांवाचें पिंवळें यंत्र निघालें. तें लहान मुलाच्या मुठींतहि राहील एवढें होतें, दोन साध्या बॅटऱ्यांवर चाले, आणि त्याची किंमत मॅगेलनच्या यंत्राच्या दशांशाहूनहि कमी होती. पुष्कळ घरांत हेंच पहिलें यंत्र आलें.

लपविलेली वस्तु शोधण्याचा छंद मात्र अगदींच नवा नव्हता. इंग्लंडांतील डार्टमूर नांवाच्या ओसाड माळरानावर क्रॅनमिअर डबक्यापाशीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ सालीं एक बाटली ठेविली होती. तेथवर पायीं पोंचलेला मनुष्य तिच्यांत आपलें नांवाचें पत्र टाकून येई. त्या प्रथेचा विस्तार होऊन डार्टमूरवर ठिकठिकाणीं पेट्या लपविल्या गेल्या. उल्मर यांच्या खेळानें या जुन्या हौसेस आकाशांतील घड्याळांची जोड दिली. ता. ३० मे २००० रोजीं मॅट स्टम या गृहस्थांनीं या खेळास जिओकॅशिंग असें नांव सुचविलें. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. आणि ‘कॅश’ हा मूळचा फ्रेंच शब्द, रानांत फिरणारे शिकारी अन्नसामग्री लपवून ठेवीत त्या जागेचा वाचक. टीग यांनीं अशा जागांची यादी ठेवण्यास सुरुवात केली. पुढें सिॲटल येथील जेरेमी आयरिश यांनीं सप्टेंबर २००० मध्यें संगणकावर पद्धतशीर नोंदवही उघडली; त्या वेळीं तींत सगळ्या जगांतल्या मिळून ७५ जागा होत्या. आज ही संख्या तीस लाखांच्या वर गेली आहे.

आतां या खेळांत पडलेल्या नवशिक्यास काय काय शिकावें लागलें तें पाहिलें पाहिजे. कारण इतिहास शोध लावणारांचाच असतो असें नाहीं, शिकणारांचाहि असतो.

पहिला धडा धीराचा होता. नवें यंत्र पेटीबाहेर काढून घरांतच सुरू केलें, तर तें कांहींच सांगत नसे. त्यास उघडें आकाश लागे. उपग्रह आपलें सबंध वेळापत्रक साडेबारा मिनिटांत एकदां सांगून पुरें करतो, इतकी त्याची बोलण्याची गति मंद आहे. पहिल्या खेपेस तेवढा वेळ अंगणांत उभें राहणें भाग पडे. बटण दाबतांच उत्तर मिळावें अशी अपेक्षा करणारांस हा धडा जड गेला.

दुसरा धडा आंकड्यांचा. अंशाचे साठ भाग म्हणजे कला, आणि कलेचे साठ भाग म्हणजे विकला. जुन्या भूगोलांत स्थळें अंश, कला व विकला यांत लिहीत. या खेळांत तीं अंश व दशांश-कला यांत लिहितात. उल्मर यांचा अक्षांश १७.४६० कला असा आहे. तो कोणी १७ कला ४६ विकला असा वाचला, तर अर्धा किलोमीटरहून अधिक फसगत होते, कारण ०.४६० कला म्हणजे ४६ विकला नव्हेत, २७.६ विकला होत. परंतु याच ठिकाणीं सावध विद्यार्थ्यास सुटकेची वाटहि आहे. त्याच रीतीनें रेखांश वाचावयास जावें तर २४ कला ८० विकला असें वाचावें लागेल, आणि विकला तर साठांच्या पुढें जाऊंच शकत नाहींत. म्हणजे वाचण्याची रीतच चुकली हें त्या आंकड्यावरून घरबसल्या कळतें. यंत्र हें सांगत नाहीं. तें दिलेला आंकडा निमूटपणें स्वीकारतें व चुकीच्या जागेकडेहि तितक्याच निष्ठेनें बाण दाखवितें.

तिसरा धडा नकाशाचा होता. अक्षांश-रेखांश हे जणू दगडावर कोरलेले असतात अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पृथ्वीचा आकार काय मानला आणि मोजणी कोठून सुरू केली यावर ते आंकडे अवलंबून असतात. अमेरिकेचे जुने नकाशे १९२७ सालच्या मोजणीच्या आधारानें काढलेले, तर जी. पी. एस. १९८४ सालीं ठरविलेल्या जागतिक मापनावर चालतें. कागदी नकाशावरून आंकडे काढून ते यंत्रांत जसेच्या तसे घातले, तर मनुष्य भलत्याच झाडाखालीं जाऊन उभा राही. भारतांतील जुन्या सरकारी नकाशांची गोष्टहि अशीच आहे. ते एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले होते, आणि त्यांच्या मोजणीचा मूळ बिंदु मध्य प्रदेशांतील कल्याणपूर येथें धरला होता. जागतिक मापनावर आधारलेले नकाशे सर्वांस खुले करण्याचें धोरण २००५ सालीं ठरलें. त्या महामोजणीचे आद्य प्रवर्तक कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांनीं १८०२ सालीं मद्रासजवळ साखळीनें साडेसात मैलांची पायारेषा मोजली, तेव्हां त्यास ५७ दिवस लागले. कोन मोजण्याचें त्यांचें यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें. हें काम करीत करीतच १८२३ सालीं त्यांचा वऱ्हाडाच्या शेजारीं हिंगणघाट येथें अंत झाला, आणि तेथेंच त्यांची समाधि आहे. ज्या मोजणीसाठीं एका माणसाचें आयुष्य खर्ची पडलें, तिचा आधार बदलण्यास आजच्या यंत्रांत दोन-चार बटणें दाबावीं लागतात. परंतु कोणतीं बटणें आणि कां, हें ज्यास कळत नाहीं, त्यास ती सोय असून नसल्यासारखीच.

चौथा धडा संगणकाचा. प्रारंभीं लोक आंकडे कागदावर उतरवून घेत आणि यंत्राच्या चार-पांच बटणांनीं एकेक अंक भरीत. एक अंक इकडचा तिकडे झाला कीं दिवस फुकट. पुढें संगणकांतून तारेच्या द्वारें आंकडे यंत्रांत उतरविण्याची सोय झाली. तेव्हां हातचुका थांबल्या, पण तारेचें टोंक कोठें जोडावें, दोन्ही यंत्रांस एकमेकांची बोली कशी समजावी, असे नवेच प्रश्न पुढें आले. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची बोली निराळी असे. २००२ सालीं जी. पी. एक्स. नांवाची सामाईक लेखनपद्धति निघाली तेव्हां हा गोंधळ बराच ओसरला. जागेचा इशाराहि संगणकावरून मिळे, पण तो गुप्त लिपींत. इंग्रजी वर्णमालेचीं सव्वीस अक्षरें तेरा-तेरांच्या दोन ओळींत मांडावयाचीं, आणि वरच्या अक्षराऐवजीं खालचें व खालच्याऐवजीं वरचें वाचावयाचें. आपल्याकडील मुलांची ‘च’ची भाषा जितकी गुप्त, तितकीच ही. उद्देश एवढाच कीं, इशारा चुकून डोळ्यांस दिसूं नये. ज्यास हवा असेल त्यानें रानांत बसून पेन्सिलीनें तो सोडवावा.

पांचवा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो यंत्राच्या माहितीपुस्तकांतून येत नसे, पायांतून येई. ईट्रेक्ससारख्या साध्या यंत्रांत होकायंत्र नव्हतें. आपण कोठून कोठें आलों यावरूनच तें दिशा ओळखी. म्हणून चालत राहिलें तोंवर बाण स्थिर असे. मनुष्य थांबला कीं बाण भरकटूं लागे. नवशिका मनुष्य डब्याजवळ आला कीं पावलें सावकाश टाकी, थांबे, यंत्र वर करी, खालीं करी. आणि नेमक्या त्याच वेळीं बाण कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे, कधीं पाठीमागें दाखवी. तो बाणामागें फिरूं लागला कीं एकाच झाडाभोंवतीं प्रदक्षिणा सुरू होई. त्यांत भर दाट पानोळ्याची व उंच कड्यांची. लहरी तेथें अडतात किंवा कड्यावर आदळून उशिरां येतात, आणि उशिरां आलेली लहर म्हणजे लांबलेलें अंतर.

शिवाय आणखी एक हिशेब असे. डबा लपविणाराच्या यंत्राची चूक त्या आंकड्यांत आधींच मुरलेली; तीवर शोधणाराच्या यंत्राची चूक चढावयाची. यंत्राच्या पडद्यावर मात्र कलेचा हजारावा भाग दिसतो, म्हणजे जमिनीवर अक्षांशाच्या दिशेनें १.८५ मीटर. जो आंकडा दोन मीटरांपर्यंत बोलतो आहे त्याचें ज्ञान प्रत्यक्षांत दहा मीटरांचें आहे, हें ओळखणें म्हणजेच यंत्र कळणें. अनुभवी लोक म्हणून एक साधी रीत पाळीत. डब्यापासून कांहीं अंतरावर असतांनाच, बाण स्थिर आहे तोंवर, त्याची दिशा साध्या होकायंत्रानें टिपून घ्यावी. दुसऱ्या बाजूनें येऊन पुन्हा टिपावी. जेथें त्या दोन रेषा छेदतील तेथें यंत्र खिशांत घालावें आणि डोळे उघडावे. एखादा दगड जरा अधिक नीट बसलेला दिसतो, सालीचा तुकडा वाऱ्यानें पडल्यासारखा दिसत नाहीं, गवत एकाच बाजूस दबलेलें असतें. शेवटचीं दहा पावलें उपग्रहाचीं नव्हेत, माणसाचीं असतात.

खेळ वाढला तशी समाजाशीं त्याची गांठ पडूं लागली. उल्मर यांनीं बादली पुरली होती. पुढें जमीन खणण्यास नियमानें बंदी झाली, कारण खणलेल्या रानाचें नुकसान होतें, आणि राष्ट्रीय उद्यानांच्या अधिकाऱ्यांचा विरोध ओढवतो. त्यांनीं खाण्याचा डबा ठेविला होता. पुढें खाद्यपदार्थ ठेवण्यासहि मनाई झाली, कारण वासानें जनावरें येतात. शहरांतील पुलाखालीं किंवा बांकाखालीं ठेविलेली बेवारशी डबी पाहून पोलिसांस स्फोटकाची शंका आली, असेहि प्रसंग घडले. म्हणून जागेच्या मालकाची परवानगी घेणें आणि डब्यावर तो कशाचा आहे हें स्पष्ट लिहिणें आवश्यक ठरलें. ज्या बादलीपासून खेळ सुरू झाला ती आजच्या नियमांत मुळींच बसली नसती. तिच्या जागीं २००३ सालीं एक स्मृतिफलक बसविण्यांत आला. तो घेवड्याचा डबाहि पुढें सांपडला आणि या खेळाच्या मेळाव्यांतून मोठ्या कौतुकानें मिरविला गेला.

ज्या राष्ट्राच्या हातीं चूक मिसळण्याची कळ होती, तें ती पुन्हा फिरवील काय, अशी शंका इतर राष्ट्रांस येणें स्वाभाविक होतें. सप्टेंबर २००७ मध्यें अमेरिकेनें जाहीर केलें कीं, यापुढील नव्या पिढीच्या उपग्रहांत ही कळच बसविली जाणार नाहीं. तरीहि रशिया, युरोप व चीन यांनीं आपापल्या पद्धति उभारल्या. भारतानेंहि स्वतःच्या पद्धतीचा पहिला उपग्रह ता. १ जुलै २०१३ रोजीं सोडला, आणि तिला पुढें नाविक हें नांव मिळालें. इकडे २००८ नंतर हातांतील दूरध्वनींतच स्थानदर्शक बसूं लागल्यामुळें तें पिंवळें यंत्र पुष्कळांनीं कपाटांत ठेवून दिलें. तारा गेल्या, अंक भरणें गेलें, मापनाचा आधार निवडणेंहि गेलें. शिकावयास कांहीं उरलें नाहीं असें वाटूं लागलें.

पण शिकण्याचें काम यंत्र सोपें झाल्यानें संपत नाहीं, तें नजरेआड होतें इतकेंच. एप्रिल २०२४ च्या अखेरीस फिनलंडच्या फिनएअर या विमानकंपनीस एस्टोनियांतील टार्टू शहराचीं उड्डाणें महिनाभर थांबवावीं लागलीं. त्या प्रदेशांत जी. पी. एस. च्या लहरींत कोणीतरी व्यत्यय आणीत होतें, आणि त्या विमानतळावर उतरण्याची पद्धति त्याच लहरींवर विसंबून होती. लहरींवांचून उतरण्याची दुसरी सोय झाल्यावरच उड्डाणें पुन्हा सुरू झालीं. येथें कोणाचा प्राण गेला नाहीं, कारण यंत्र खरें सांगत नाहीं हें वेळींच ओळखून थांबण्यांत आलें. १९८३ सालीं तें ओळखलें गेलें नाहीं. दोन्ही प्रसंगांतला फरक यंत्रांच्या गुणांचा नसून पडताळ्याच्या संवयीचा आहे.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे रानांत डबे शोधणाऱ्या हौशी मंडळींच्या खेळाचें मोल कळतें. त्यांस कोणी परीक्षेस बसविलें नव्हतें, आणि चुकलें तर नुकसान एखाद्या दुपारचें. परंतु त्या दुपारींत त्यांनीं आंकडा व जागा यांतील अंतर स्वतःच्या पायांनीं मोजलें. भरकटणाऱ्या बाणावर रागावण्याऐवजीं तो कां भरकटतो हें समजून घेतलें, आणि कोठवर त्याचें ऐकावें व कोठून पुढें आपले डोळे वापरावे हें ते शिकले. शेवटीं ओल्या पानांखालून डबा निघे. आंतल्या वहींत नांव व तारीख लिहावयाची, पेन्सिल जागेवर ठेवावयाची, झांकण घट्ट लावावयाचें, आणि मागून येणारासाठीं डबा होता तसाच ठेवून परतावयाचें.